तुम्ही मूळचे कुठले?

मराठवाड्यातल्या मुसलमान माणसाला कळत्या वयापासून मरेपर्यंत दोन वाक्ये ऐकावी लागतात. एक कौतुकाचे : ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ दुसरे चौकशीचे : ‘तुम्ही मूळचे कुठले?’ ही वाक्ये बोलणारी माणसे वाईट नसतात. त्यांत शाळेतले गुरुजी असतात, बँकेतले साहेब असतात, एस.टी.त शेजारी बसून आपली भाकरी पुढे करणारे सहप्रवासीही असतात. मनात काळेबेरे काही नसताना, हसतमुखाने ते हे बोलून जातात. म्हणूनच या वाक्यांबद्दल बोलणे अवघड होऊन बसते. शिवी दिली तर भांडता येते. कौतुकाशी कसे भांडायचे?

तरीही या दोन वाक्यांशी आमचे भांडण आहे आणि ते आज जाहीरपणे मांडण्याची गरज आम्हाला वाटते. बीडच्या एखाद्या देशपांड्याला, मुंड्याला किंवा जगतापाला ‘तुम्ही मराठी छान बोलता’ असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. म्हटले तर तो चमकून पाहील, कदाचित रागावेलही. कारण जे आपलेच आहे त्याचे कौतुक कोणी करत नसते. कौतुक होते ते परक्याने उसनी घेतलेली वस्तू नीट वापरली म्हणून. म्हणजे या गोड वाक्याच्या पोटात एक निकाल दडलेला असतो : मराठी ही तुमची भाषा नव्हे, तरी तुम्ही ती बरी सांभाळलीत.

दुसऱ्या वाक्याचेही तसेच आहे. ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला आम्ही ‘गेवराई’ असे उत्तर देतो. समोरच्याचे समाधान होत नाही. ‘तसे नाही हो, पण मूळचे?’ आम्ही म्हणतो, वडील गेवराईचे, आजोबा माजलगाव तालुक्यातले, पणजोबांची जमीनही तिथेच होती. तरी त्यांच्या डोळ्यांतला प्रश्न विझत नाही. त्यांना अरबस्तान ऐकायचे असते, इराण ऐकायचे असते. गेला बाजार उत्तर प्रदेश तरी. सिंदफणेच्या काठचा माणूस सिंदफणेच्या काठचाच निघाला याची त्यांना चक्क निराशा होते.

या कौतुकापासून आणि चौकशीपासून शिवीपर्यंत एक लांब शिडी आहे. तिच्या वरच्या पायऱ्यांवर ‘तुम्ही त्यातले वाटत नाही’ हे वाक्य आहे. त्याखाली ‘घर रिकामे होते हो, पण कालच दिले’ हे आहे. त्याखाली भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पानटपरीवर टाकलेला टोमणा आहे. अगदी तळाला ‘लांड्या’ आहे, ‘रझाकार’ आहे, ‘निजामाची औलाद’ आहे, ‘पाकिस्तानात जा’ आहे. वरच्या पायरीवरचा सज्जन माणूस तळाच्या पायरीवरच्या माणसाला ओळखत नाही, त्याच्याबद्दल त्याला घृणाही वाटते. पण शिडी एकच आहे, एवढेच आमचे म्हणणे.

या साऱ्याला आपण आजवर गैरसमज म्हणत आलो. कधी पूर्वग्रह म्हटले, कधी ‘राजकारण्यांनी लावलेली आग’ म्हटले. आमच्या मते याचे खरे नाव वंशवाद आहे. हा शब्द वापरला की लगेच आक्षेप येतो : ‘वंशवाद कसला? तुम्ही आणि आम्ही तर एकाच रक्ताचे!’ अगदी बरोबर. आमच्यातला पिंजारी, शिकलगार, तांबोळी, अत्तार, मणियार, बागवान, मुलाणी, छप्परबंद हा याच मातीतल्या बलुत्या-अलुत्यांचा, कष्टकऱ्यांचा भाऊबंद आहे. चेहरा तोच, रंग तोच, हाताला घट्टेही तसेच. पण वंशवादाला खरा वंश लागतच नाही. तो आपल्या सोयीने वंश तयार करतो. कातडीचा रंग सापडला नाही तर तो नाव धरतो, दाढी धरतो, बुरखा धरतो, मोहल्ला धरतो, ताटातले मांस धरतो आणि त्यालाच कातडी ठरवतो. एकदा कातडी ठरली की माणूस काय करतो, काय शिकतो, काय लिहितो, याला अर्थ उरत नाही.

बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न इथे जितका हास्यास्पद ठरावा तितका क्वचितच कुठे ठरेल. याच जिल्ह्यातले अंबाजोगाई हे आद्यकवी मुकुंदराजांचे गाव. त्याच जिल्ह्यात, बीड शहराजवळ, १५८२ साली निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने खजाना विहीर बांधवली. ती बांधणारा स्थापत्यकार राजा भास्कर. मुसलमान सरदाराचा पैसा, हिंदू स्थपतीची अक्कल आणि पाणी मात्र कोणाचा धर्म न विचारता शिवारात गेलेले. शहेनशाहवलींच्या उरुसाला कोण कोण येते हे बीडमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. खेड्यापाड्यांत मोहरमच्या सवाऱ्या कोणाच्या खांद्यावरून निघतात तेही सर्वांना माहीत आहे. गावात आम्हाला ‘चाचा’, ‘मामू’, ‘खाला’ म्हणणारी माणसे कालही होती, आजही आहेत. हे सारे आम्ही विसरलेलो नाही. पण याची यादी पुन्हा पुन्हा वाचून दाखवण्याची जबाबदारी नेहमी आमच्यावरच का येते, हा आमचा प्रश्न आहे.

भाषेचेही तेच. आमच्या घरात दखनी बोलली जाते, हे खरे. ती दखनी मराठीच्या मांडीवर वाढलेली आहे. तिचा ‘नक्को’ कुठून आला हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही. आणि मराठीचे काय? बीडचा कोणताही शेतकरी जिल्ह्याच्या ठिकाणी येतो, तहसीलीत अर्ज देतो, महसूल भरतो, जमिनीच्या वादात फिर्याद करतो, वकील लावतो, तारखेला हजर राहतो, जामीन देतो. या एका वाक्यातले अरबी-फारसी शब्द काढून टाका आणि मग त्या शेतकऱ्याचे काम करून दाखवा! माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला तो उगाच नव्हे. शब्द येऊन चारशे-पाचशे वर्षांत मराठी झाले. त्यांना कोणी ‘मूळचे कुठले’ विचारत नाही. ‘वकील’ हा शब्द मराठी आहे, पण वकील शेख असला की त्याचे मराठी ‘छान’ ठरते!

१९९० सालचे एक उदाहरण आम्हाला नेहमी विचार करायला लावते. त्या वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांच्याकडे होते. मराठवाड्यातल्या विद्यापीठात मराठी शिकवणारा, संतसाहित्य आणि महानुभाव वाङ्मयात हयात घालवलेला हा विद्वान. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फकरुद्दीन बेन्नूर, फ. म. शहाजिंदे यांच्यासारखी माणसे त्या चळवळीत होती. तेव्हा अनेकांनी विचारले : पठाण सर अध्यक्ष होऊ शकतात, मग वेगळे संमेलन कशाला? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या पठाणांना मराठीने मानाने स्वीकारले, हे जितके खरे तितकेच हेही खरे की मोहल्ल्यातली चूल, तलाकच्या कागदामुळे उद्ध्वस्त झालेली बाई, दंगलीनंतरचा कर्फ्यू, उरूस, कर्ज, कसाबाचे दुकान हे त्या मराठीत कुठेच नव्हते. मराठी कथाकादंबरीत मुसलमान आला तो बहुधा हिरवी लुंगी नेसलेला खलनायक म्हणून, नाहीतर ‘क्या बात करताय’ म्हणणारा विनोदी पठाण म्हणून. वेगळे संमेलन हे वेगळेपणाची हौस नव्हती. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करण्याची ती धडपड होती.

आता ‘रझाकार’ या शब्दाकडे वळू. मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला या शब्दाची धार कळणार नाही. इथे शाळेच्या मैदानावर, बाजारात, ग्रामपंचायतीच्या भांडणात, सप्टेंबर महिना आला की विशेषच, हा शब्द आमच्या मुलांच्या अंगावर फेकला जातो. रझाकारांनी या भूमीत अत्याचार केले. ते नाकारणारा इतिहासाशी बेइमानी करील आणि आम्ही ते नाकारत नाही. पण त्याच रझाकारांच्या विरोधात ‘इमरोज’ या पत्रातून लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला, हे आमच्या मुलांना कोणी शिकवत नाही. त्यांना हिणवणाऱ्या मुलांनाही नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या खेड्यांत काय झाले, तेही कोणी सांगत नाही. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. त्याखालोखालच्या जिल्ह्यांत औरंगाबाद आणि बीड. तो अहवाल कित्येक दशके कुलपात राहिला. मेलेले बहुतेक साधे शेतकरी, विणकर, मजूर होते. त्यांचा निजामाच्या तख्ताशी संबंध तेवढाच, जेवढा आजच्या मजुराचा मंत्रालयाशी. आमच्या आज्या ‘पुलिस ॲक्शन’ एवढेच म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस आमचाही आहे, असे आम्ही ठामपणे म्हणतो. पण त्या दिवशी आमच्या पोराला ‘रझाकार’ म्हणणाऱ्याने शोएबुल्ला खान कोण होता, एवढे तरी आधी सांगावे.

इतिहासाचा हिशेब असा, तर वर्तमानाचा वेगळाच. २००६ साली औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण झाले आणि त्यात बीड जिल्ह्याचे नाव आले. पुढे २०१२ मध्ये गेवराईच्या एका तरुणाला मुंबई हल्ल्याच्या कटातला म्हणून अटक झाली. शस्त्रसाठ्याच्या खटल्यात २०१६ साली त्याच्यासह काही जणांना शिक्षा झाली, काही निर्दोष सुटले. शिक्षा योग्यच, ज्याने गुन्हा केला त्याने ती भोगावी. पण मधल्या काळात पुण्या-मुंबईत नोकरी शोधणाऱ्या, खोली शोधणाऱ्या बीडच्या मुसलमान पोराने काय केले होते? ‘बीड का? गेवराईच्या जवळ?’ एवढे विचारून समोरच्याचा चेहरा बदलत असे. त्याच २००६ च्या सप्टेंबरात मालेगावात शबेबरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ बॉम्बस्फोट झाले. मेलेले मुसलमान आणि पकडलेले नऊही मुसलमानच! २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तोवर दहा वर्षे गेली होती. त्या दहा वर्षांची भरपाई कोणी केली? एका माणसाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या समाजाने मान खाली घालावी आणि नऊ माणसांवरच्या अन्यायासाठी कोणीच मान खाली घालू नये, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

मार्च २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी एक वेगळा प्रयोग केला. पोलिसांच्या छातीवरच्या आणि टेबलावरच्या पाट्यांवर आडनाव न ठेवता फक्त नाव ठेवायचे. जिल्ह्यात जातीजातींत इतके फाटले होते की वर्दीतल्या माणसाकडेही लोक आडनावावरून पाहू लागले होते. हेतू चांगला आहे, आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण यातून आमची गोष्ट किती वेगळी आहे हेही दिसते. आडनाव झाकले की मराठा, वंजारी, ब्राह्मण, दलित हे काही काळ नुसते संजय आणि विजय होऊ शकतात. आमचे काय झाकणार? आमच्यात देशमुख आहेत, पाटील आहेत, इनामदार आहेत. आडनावाने आम्ही खपून जातो. पहिल्या नावानेच पकडले जातो. सलीमची पाटी कितीही कापली तरी सलीमच उरतो. म्हणून पाट्या बदलून आमचा प्रश्न सुटणार नाही. वाचणाऱ्याचे डोळे बदलले तरच तो सुटेल.

या डोळ्यांविषयी आमच्या सुशिक्षित मराठी मित्रांना कसे समजावावे, या विचारात आम्ही असतो. सुदैवाने, की दुर्दैवाने म्हणा, आता त्यांच्या घरातच उदाहरणे आहेत. त्यांची मुले-मुली न्यूजर्सीत आहेत, लंडनात आहेत, मेलबर्नला आहेत. त्यांनाही तिथे कौतुक ऐकावे लागते : ‘तुमचे इंग्रजी किती छान आहे!’ त्यांनाही विचारले जाते : ‘तुम्ही खरे कुठले?’ मुलगी न्यूजर्सीत जन्मली, तिथेच शाळेत गेली, तरी ‘न्यूजर्सी’ हे उत्तर पुरत नाही. सुटीत ती पुण्याला आली की आजी-आजोबांना हे सांगते. ते हळहळतात, संतापतात. त्याच न्यूजर्सीत १९८७ साली ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळीने कपाळाच्या टिकलीवरून भारतीयांना लक्ष्य केले होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांत ॲरिझोनात एका शीख गृहस्थाला त्याच्या पेट्रोलपंपावर गोळी घालण्यात आली. मारणाऱ्याला पगडी म्हणजे मुसलमान वाटले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याला ‘माझ्या देशातून चालता हो’ असे ओरडत एकाने ठार केले; त्याला ते इराणी वाटले होते. वंशवाद कधी नीट चौकशी करत नाही, हे यातून शिकायचे. तो टिकली पाहतो, पगडी पाहतो, रंग पाहतो आणि गोळी घालतो.

‘माझ्या देशातून चालता हो’ आणि ‘पाकिस्तानात जा’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. भाषा वेगळी, व्याकरण तेच. न्यूजर्सीतल्या नातीसाठी जे डोळे पाणावतात, तेच डोळे बीडच्या शेखाच्या नातीकडे कोरडे का राहतात? तिथे तुम्ही अल्पसंख्य आहात, इथे बहुसंख्य, एवढाच फरक. ज्याने एकदा या दुखण्याची चव घेतली त्याला ते दुसऱ्याच्या अंगावर ओळखता आले पाहिजे. नाही तर तो आपल्या दुखण्याचा केवळ मालक झाला, त्याला त्यातून शहाणपण काही आले नाही.

२०२० हे साल तर या बाबतीत आरसाच होते. कोरोना आला आणि अमेरिकेत चिनी, कोरियन, व्हिएतनामी, फिलिपिनो चेहऱ्यांवर लोक थुंकू लागले, त्यांना रस्त्यात मारू लागले. तिथे मे २०२१ मध्ये या द्वेषगुन्ह्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच वेळी आपल्याकडच्या शहरांत मणिपूर-नागालँडच्या मुलामुलींना ‘चायनीज’, ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. ही मुले भारतीय. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांची टिंगल झाली, त्यातून मारहाण आणि तिच्यातून त्याचा मृत्यू. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशद्वेषाविरुद्ध कायद्याची शिफारस केली होती. सहा वर्षांनी तीच मुले पुन्हा त्याच जागी उभी होती. आणि आमच्या गावांत? तबलिगी जमातीच्या निमित्ताने टीव्हीवर ‘कोरोना जिहाद’ सुरू झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या गल्लीत भाजी विकणाऱ्या बागवानाच्या हातगाडीला गल्ली बंद झाली. कालपर्यंत त्याच्याकडून उधारीवर कांदे घेणाऱ्या बाईने खिडकी लावून घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे बनवले गेल्याचे स्पष्टपणे नोंदवले. निकाल आला, बागवानाची बुडालेली उन्हाळ्याची कमाई आली नाही. एकाच विषाणूने तीन ठिकाणी तीन परके शोधले. नाकडोळ्यांवरून एक, जन्मप्रांतावरून दुसरा, धर्मावरून तिसरा. हे तिघे एकाच दुखण्याचे रुग्ण आहेत, हे त्या तिघांनाही अजून पुरते कळलेले नाही.

शब्दांचे काय एवढे मनावर घ्यायचे, असे आम्हाला सांगितले जाते. हसून सोडून द्या म्हणतात. तर मग ऐका. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, रमजान ईदच्या तोंडावर, गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावातल्या मशिदीत स्फोट झाला. विहिरीचा खडक फोडायला वापरतात त्या जिलेटिनच्या कांड्यांचा. नशिबाने जीवितहानी झाली नाही. दोघांना काही तासांत अटक झाली, पुढे दहशतवादविरोधी कायद्याची कलमेही लागली. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण फिर्यादीत जे नोंदले आहे ते लक्षात घ्या : आदल्या रात्री गावात संदलची मिरवणूक होती आणि तेव्हाच शिवीगाळ आणि धमकी झाली होती. म्हणजे आधी शब्द आला, मग जिलेटिन. त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, आमच्या शेजारच्या पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान दुकानदारांना मज्जाव करणारा ठराव केला होता. बांगड्यांचे, खेळण्यांचे, रेवड्यांचे दुकान लावणाऱ्या गरिबाने कोणाचे काय बिघडवले होते? ठरावसुद्धा शब्दांचाच असतो. अर्धमसल्याच्या हिंदू-मुसलमान गावकऱ्यांनी स्फोटानंतर डोके शांत ठेवले, गाव पेटू दिले नाही. त्या शहाणपणाला आमचा सलाम आहे. पण गावाच्या शहाणपणावर किती भार टाकायचा?

न्यायालयाकडे पाहिले तर चित्र दुपदरी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एखाद्याला ‘मियाँ-तियाँ’, ‘पाकिस्तानी’ म्हणणे अभिरुचीहीन आहे, पण धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा होत नाही. कायद्याच्या काटेकोर अर्थाने ते तसे असेल. एका कर्मचाऱ्याला कचेरीत कामावर असताना हे ऐकावे लागले होते. ज्याने आयुष्यभर सरकारी कागदांवर सह्या केल्या त्याला आपल्याच कचेरीत परदेशी ठरवले जाते, याला केवळ वाईट अभिरुची म्हणून मिटवता येत नाही, असे आमचे नम्र मत आहे. पण त्याच न्यायालयाने दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावरची उर्दू काढून टाकण्याची मागणी फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मली, असे ठणकावून सांगितले. त्या फलकावर वर मराठी होती आणि खाली उर्दू. मराठीला काहीच धक्का लागला नव्हता. धक्का लागला होता तो कोणाच्या तरी डोळ्यांना.

मग आम्ही करायचे काय? आमच्या समाजात आजवर दोनच उत्तरे चालत आली. एक गप्प बसण्याचे : ‘जाने दो, अपने को इनमेंच रहना है.’ दुसरे उसळण्याचे : शिवीला शिवी, दगडाला दगड. पहिल्याने शिवी देणारा माजतो, दुसऱ्याने त्याला हवे तेच मिळते. तिसरे उत्तर शोधावे लागेल आणि ते आमच्या हातात आहे.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे जे झाले त्याला नाव द्यायचे. ‘तुम्ही मराठी छान बोलता’ म्हणणाऱ्याला न रागावता विचारायचे, ‘का हो, तुम्हाला काय वाटले होते?’ तो क्षणभर अडखळेल. त्या अडखळण्यातच त्याचे शिक्षण आहे. भल्या माणसाला आपले वाक्य परत ऐकवले तर तो पुन्हा ते बोलत नाही, आणि ज्याला ते ऐकूनही बोलायचे आहे तो भला नाही, हे तरी कळते.

दुसरी गोष्ट नोंदीची. शिवी दिली, धंदा बंद करण्याची धमकी दिली, सभेत विष ओकले, तर तारीख, वार, वेळ, साक्षीदार लिहून ठेवायचे आणि तक्रार द्यायची. लेखी, मराठीत, पोच घेऊन. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजांत वैर पसरवण्याविरुद्ध कलम १९६ आहे. धार्मिक भावनांविषयी २९९ आणि ३०२ ही कलमे आहेत. चिथावणीखोर भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिलेला आहे. हा आदेश किती मोहल्ल्यांत माहीत आहे? प्रत्येक तक्रारीतून न्याय मिळेल अशी भोळी आशा आम्ही बाळगत नाही. पण ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे म्हणायला सरकार नेहमीच मोकळे असते.

तिसरी गोष्ट, देशभक्तीची प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे बंद करायचे. स्फोट कुठेही झाला की आमच्या मौलवींनी, प्राध्यापकांनी, पुढाऱ्यांनी धावत जाऊन निषेधाचे पत्रक काढावे अशी अपेक्षा असते. निर्दोषांच्या हत्येचा निषेध आम्ही माणूस म्हणून करतो आणि करत राहू. पण आरोपी म्हणून करणार नाही. नागरिकाला हक्क घटनेने दिले आहेत. शेजाऱ्याच्या मर्जीने ते मिळालेले नाहीत.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. या लढ्यात आपण एकटे नाही आणि आपण शुद्धही नाही. ‘परका’ ठरवला जाणारा दलित आहे, भटका आहे, बीडमधून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारा ऊसतोड मजूर आहे, ज्याला तिथल्या गावात पाण्याच्या टाकीजवळही उभे राहू दिले जात नाही. त्याच्या बाजूने आपण किती वेळा उभे राहिलो? १९३४ साली याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तिथले मुसलमान त्यांच्या अंगावर धावून गेले होते. बाबासाहेबांनी तो प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. इस्लामने शिकवलेली समता त्या दिवशी त्या हौदात बुडाली. आजही आमच्यात सय्यद-पठाण हे पिंजारी-कसाबांच्या घरी सोयरीक करताना नाक मुरडतात. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा तिला पहिला विरोध आमच्याच प्रतिष्ठितांकडून झाला : ‘इस्लाममध्ये जात नाही!’ इस्लाममध्ये नसेल, आमच्या मोहल्ल्यात आहे. ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न अरबस्तानचा शजरा फडकावत आपणच आपल्या कष्टकरी भावाला विचारत राहिलो, तर दुसऱ्याने विचारल्यावर रडण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. परदेशी मुळांची बढाई आणि परदेशी म्हणून होणारी हेटाळणी, ही एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत.

आणि शेवटची गोष्ट लिहिण्याची. उर्दू आमची आहे, दखनी आमची आहे. ती सोडण्याचा प्रश्न नाही. पण जो आम्हाला परका म्हणतो तो मराठी वाचतो. त्याच्यापर्यंत पोचायचे तर मराठीतच लिहावे लागेल. माफी मागणारे, गुळमुळीत, एकात्मतेच्या सरकारी घोषणांनी भरलेले लेखन नको. आमच्या घरातले, बाजारातले, कचेरीतले, कबरस्तानातले, आमच्या बायकांच्या आणि आमच्या पोरांच्या तोंडचे हवे. ज्या मुलीला आज वर्गात ‘रझाकार’ म्हटले गेले, तिने उद्या त्याच वर्गाच्या हस्तलिखितात शोएबुल्ला खानावर निबंध लिहावा. ज्या बागवानाची हातगाडी अडवली गेली, त्याच्या मुलाने त्या उन्हाळ्याची गोष्ट लिहावी. ती छापण्यासाठीच तर हे अंक आपण काढत आलो.

तुम्ही मूळचे कुठले, असे पुन्हा कोणी विचारले तर आम्ही सांगू : खजाना विहिरीच्या पाण्यावरचे, सिंदफणेच्या गाळातले, मुकुंदराजांच्या जिल्ह्यातले. आणि मग विचारणाऱ्याला आदराने बसवून, चहा पाजून, आम्हीही विचारू : बोला, तुम्ही मूळचे कुठले?